नाडीला टांगलेला कॅमेरा

एक करून बघ. दोन्ही कानांत बोटं घाल, अगदी घट्ट, आणि घरात कुणी बोलत असेल त्याच्याकडे नुसतं पाहत राहा. ओठ हलतायत, मान डोलतेय, भुवया वर जातायत. काय म्हणाला तो, सांग बरं. आता बोटं तशीच ठेवून अशी कल्पना कर, की तुला एक मोठी बहीण आहे. तीही तशीच, जन्मापासून कानांत बोटं घातल्यासारखी. ती इथून साडेतीनशे किलोमीटरवर राहायला गेली आहे आणि तुला तिला काहीतरी सांगायचं आहे. फोन करशील? कुणासाठी? पत्र लिहिशील? तुझं वय दहा, आणि तुला लिहिता येतं ते तुझं नाव, बापाचं नाव आणि ‘कमळ’, ‘बदक’ असे वीस-पंचवीस शब्द.

आता काढ बोटं. तुला ती काढता येतात.

जानेवारीतल्या एका गुरुवारी दुपारी अशाच एका मुलीला शेजारी स्टुलावर बसवून मी टेबलाखाली वाकलो होतो. माझ्या हातात एक जुना कॅमेरा होता, लिंबाएवढा, गोल, वायरीला दोन ठिकाणी चिकटपट्टी गुंडाळलेली. वायरीचं टोक संगणकाच्या मागच्या खाचेत जात नव्हतं. तीनदा प्रयत्न केल्यावर कळलं की मी ते उलटं घालतोय. गुडघे कुरकुरत होते, चष्मा घसरत होता. मुलीचं नाव बाणाई. ती पाठ ताठ करून, हाताची घडी घालून बसली होती. आमच्या शाळेत सगळी मुलं तशीच बसायची.

आमची शाळा आटपाडीच्या अलीकडे, माळावर. बहिऱ्या मुलांची, राहण्या-जेवण्याची सोय असलेली. तिथं मी एकोणतीस वर्षं शिकवलं. मला सगळे चोथे सर म्हणत. माझं काम मुलांना बोलायला शिकवण्याचं. भिंतीवर मोठा आरसा, त्यापुढे मूल आणि मी. कागदाची पातळ पट्टी ओठांसमोर धरायची आणि ‘प’ म्हणायचं, की पट्टी फडफडते. ‘ग’ म्हणताना बोट गळ्यावर ठेवायचं, म्हणजे आतली थरथर हाताला कळते. एकेका अक्षराला महिना जायचा. कधी दोन. पण एखादं मूल सहा वर्षांनी ‘आई’ म्हणालं आणि गावाकडून आलेली आई फाटकापाशीच मटकन खाली बसली, असंही मी पाहिलं आहे, म्हणून करत राहिलो.

शाळेचा नियम एकच होता: बोलायचं ते तोंडानं. हातांनी खुणा केल्या की तोंड आळशी होतं, असं आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं आणि मी ते मनापासून मानत होतो. तुमच्या शाळेत गुरुजी म्हणतात ना, हाताची घडी, तोंडावर बोट? आमच्याकडे त्यातलं पहिलं तेवढंच होतं. तोंड तर आम्हाला उघडं हवं होतं. वर्गात पाऊल टाकलं की मी आधी स्वतः घडी घालून दाखवायचो, मुलं घालायची, मग धडा सुरू. मैदानावर, नळापाशी, जेवणाच्या ओळीत मुलांचे हात भराभर चालायचे. मी तिकडे पाहत नसे. त्या हातांमधलं मला एक अक्षर येत नव्हतं.

बाणाईच्या मोठ्या बहिणीचं नाव म्हाळसा. दोघी मेंढपाळाच्या, दोघी जन्मतः बहिऱ्या. आई-बाप वर्षातले आठ महिने मेंढरांमागे हिंडायचे आणि या दोघी आमच्याकडे. म्हाळसाची सातवी झाली, वय सोळा झालं, तेव्हा दिवाळीनंतर तिला नाशिकच्या एका शिवणकाम केंद्रात पाठवलं. तिथं दोन वर्षं शिकायचं, राहायचं. चांगली संधी होती. मीच अर्ज भरला होता.

स्वयंपाकघर आणि मुलींची खोली सांभाळणाऱ्या हौसामावशी त्या दोघींना चिडवायच्या. दोघी एकाच ताटात जेवायच्या म्हणून म्हणायच्या, “ह्या दोघी माझ्या गुणाच्या. रोज एका ताटाचं घासणं वाचतं.” म्हाळसा गेली आणि बाणाईला तिचं स्वतंत्र ताट मिळालं. त्यानंतर ती आटत गेली. गळ्यात अडकवलेल्या श्रवणयंत्राचा पट्टा ढिला पडायला लागला. वर्गात माझ्या ओठांकडे बघायची सोडून ती आरशाच्या कोपऱ्याकडे बघायची. मावशी रोज तक्रार करायच्या, की पोरगी अर्धी भाकरी टाकते. दुपारी अर्धी, रात्री अर्धी. रागावून झालं, गूळ देऊन झालं. तालुक्याच्या डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं, तेही झालं.

जानेवारीत तिचा बाप आला. बिरू खरात, उंच, काळा, खांद्यावर घोंगडं. पोरीचा दंड त्यानं दोन बोटांत धरून पाहिला आणि माझ्याकडे वळला.

“खात न्हाय, शिकत न्हाय. मग हितं ठिवून काय करू, सर? पुढच्या ऐतवारी कळप खाली सरकतोय. मी हिला घिऊन जातो. आईपाशी ऱ्हाईल, कोकरं सांभाळंल.”

मी त्याला समजावलं, की मधेच नेली तर आजवरचं शिकलेलं सगळं वाया जाईल. तो शांतपणे म्हणाला, की पोरगीच वाया गेली तर शिकलेलं कुणाला सांगायचं?  तुला खरं सांगतो, त्या वेळी मला वाटलं, जाऊ दे. मार्चअखेरीस मी निवृत्त होणार होतो. पायाला सूज असायची. एकोणतीस वर्षं पट्ट्या फडफडवून मी थकलो होतो आणि एका मुलीसाठी आणखी एकदा कंबर कसायची, या विचारानंच झोप यायची. तरी सवयीनं मी त्याच्याकडून एक आठवडा मागून घेतला. पुढच्या रविवारी येतो, म्हणाला आणि गेला.

मग मी नाशिकला फोन केला. तिथल्या बाई भल्या होत्या. त्यांच्याकडे कॅमेऱ्याचा संगणक होता, पण दिवसभर त्यावर वर्ग चालायचा. शनिवारी चार ते साडेचार म्हाळसाला समोर बसवते, म्हणाल्या. त्यापेक्षा जास्त वेळ जमणार नाही.

आमच्याकडेही संगणक होता. कुठल्याशा कचेरीनं काढून टाकलेला, दानात आलेला. त्याच्या आधीच्या प्रणालीचा विषाणूंनी पार चोथा केला होता. तेव्हा आटपाडीत संगणकाचा क्लास चालवणाऱ्या हेमांगी देशमाने या माझ्या मित्राच्या मुलीनं तो पुसून त्यात लिनक्स नावाची प्रणाली घातली होती. ती कुणालाही फुकट घेता येते आणि हवी तशी बदलता येते, असं तिनं सांगितलं होतं. आम्ही तिच्यावर मुलांना चित्रं दाखवायचो, बस. कॅमेरा मात्र संगणकासोबत आला तेव्हापासून ड्रॉवरमध्ये पडून होता. तो चालू करायची तबकडी, म्हणजे सीडी, हरवलेली. बनवणाऱ्यांनीही तो बनवणं कधीच सोडलेलं.

हेमांगीला फोन लावून मी हे सगळं सांगितलं आणि विचारलं, की हा भंगारात टाकायचा का.

“नाही हो काका,” ती म्हणाली. “या प्रणालीत जुन्या वस्तूला लगेच कुणी टाकून देत नाही. कुणीतरी, कुठंतरी, त्याच्यासाठी चार ओळी लिहून ठेवलेल्या असतात. त्या हुडकायला लागतात, एवढंच.”

निवृत्तीला आलेल्या माणसाला असं बोलणं बरं वाटतं. मी वही उघडली.

तिच्या सांगण्यावरून मी पडद्यावर एक काळी खिडकी उघडली आणि तिनं सांगितलेली अक्षरं त्यात टाइप केली. संगणकाला जोडलेल्या वस्तूंची यादी आली. माउस होता, कीबोर्ड होता, आणि शेवटच्या ओळीत कॅमेराही होता. यादीत आहे म्हणजे जिवंत आहे, असं हेमांगी म्हणाली. पण एकमेकांना बघत बोलायचा कार्यक्रम, म्हणजे प्रोग्राम, उघडला की चित्राच्या जागी काळी चौकट. कॅमेरा जुनी भाषा बोलतो आणि कार्यक्रमाला नवी कळते, असं तिनं मला समजेल असं सांगितलं. मधे एक दुभाषा बसवायचा. त्यासाठी एक लांबलचक ओळ होती, आणि कार्यक्रम दर वेळी त्या ओळीतूनच सुरू करायचा होता.

ती ओळ फोनवरून उतरवून घेताना गुरुवारची संध्याकाळ गेली. तिनं ‘डी’ म्हटलं की मला ‘बी’ ऐकू यायचा, ‘व्ही’ म्हटलं की ‘पी’. एक जागा सोडायची होती तिथं मी सोडली नाही, सोडायची नव्हती तिथं दोन सोडल्या. प्रत्येक चुकीला काळी खिडकी एकच कोरडं वाक्य फेकायची, की अशी फाइल सापडत नाही. बाणाई जेवायची घंटा होईपर्यंत घडी घालून शेजारी बसून राहिली होती. ती कशासाठी बसली आहे, हे मी तिला तोंडानं चार वेळा सांगितलं होतं. “म्हाळसा. शनिवारी. इथं दिसेल.” तिनं मान हलवली होती. तिला कळलं होतं की नाही, मला माहीत नव्हतं. बाबा, पापा आणि मामा हे तिन्ही शब्द ओठांवर एकसारखेच दिसतात, हे मी स्वतः नव्या शिक्षकांना शिकवत आलो होतो.

शुक्रवारी दुपारी ओळ बरोबर बसली. कॅमेऱ्याच्या कडेला हिरवा दिवा लागला आणि चौकटीत चित्र आलं. माझं आणि बाणाईचं. पण उलटं. आमची डोकी खाली, वर स्टुलाचे पाय आणि फरशी. मी पुन्हा हेमांगीला फोन लावला. ती म्हणाली, असं काही जुन्या कॅमेऱ्यांत होतं, त्यांचा डोळाच आत उलटा बसवलेला असतो. त्यालाही एक ओळ असेल, संध्याकाळचा वर्ग संपला की शोधून सांगते.

मी फोन ठेवून वळलो तर चित्र सुलट होतं. बाणाईनं पडद्यावर ठेवलेला कॅमेरा उचलून उलटा धरला होता. माझं लक्ष गेलं तसा तिनं तो झटकन टेबलावर ठेवला आणि घडी घातली.

मला हसू आलं. दोन दिवसांत पहिल्यांदा. मी तिच्या डोक्यावर टपली मारली, मावशींकडून परकराची एक जुनी नाडी मागून आणली आणि कॅमेरा डोकं खाली करून पडद्याच्या वरच्या कडेला टांगला, नाडीला दोन गाठी मारून. हलत होता म्हणून खाली पुठ्ठ्याचं टेकण दिलं. मग बाणाईचं स्टूल पुढे ओढलं, अगदी पडद्याजवळ, जसं आरशासमोर ओढायचो तसं. चौकटीत तिचा चेहरा भरून राहिला, कपाळापासून हनुवटीपर्यंत. ओठ स्वच्छ दिसत होते. मी समाधानानं पाहिलं. त्या खोलीत मागे सरकायला जागाही नव्हती. ती मुळात सामानाची खोली. स्टुलाच्या पाठीला लोखंडी कपाट, उजवीकडे व्हरांड्याचं दार.

शनिवारची सकाळ मी आवाजावर घालवली. माइक चालत नव्हता. पुन्हा काळी खिडकी, पुन्हा हेमांगी, पुन्हा ओळी. दोन तासांनी माझं खोकणं मलाच स्पीकरमधून ऐकू आलं, तेव्हा मी टेबलावर डोकं टेकून पाच मिनिटं झोपलो. हौसामावशी चहा ठेवायला आल्या होत्या. त्यांनी विचारलं, काय झालं का तयार? मी म्हणालो, आवाज आला एकदाचा. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, काहीतरी बोलणार होत्या, पण शनिवार होता, पिठलं-भाकरीचा स्वयंपाक मागे पडला होता. त्या गेल्या. दोन मुली, दोघींपैकी एकीलाही ऐकू येत नाही, आणि मी दोन तास आवाज दुरुस्त केला होता. त्या दिवशी मला यात काही वावगं दिसलं नाही. आमच्या शाळेत तसंच चालायचं.

चार वाजता नाशिक लागलं.

चित्र अडखळत, ठिगळ जोडल्यासारखं आलं आणि मग त्यात म्हाळसा दिसली. दोन वेण्या, अंगात केंद्राचा निळा ड्रेस. त्यांचा कॅमेरा लांब ठेवलेला असावा, कारण ती कमरेपर्यंत दिसत होती. बाणाईला पाहिल्याबरोबर तिचे दोन्ही हात उठले आणि सुटले. मला त्यातलं काही कळलं नाही. मी बाणाईच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “बोल. तोंडानं. मी बरी आहे.”

बाणाई घडी घालून बसली होती. तिनं तोंड उघडलं. “ई... बई... आए.” माझ्याच वर्गातलं वाक्य. एरवी मी शाबासकी दिली असती.

पलीकडे म्हाळसानं डोळे बारीक केले, पुढे झुकली. हात पुन्हा हलले. मी चित्र बघितलं. खोलीत उजेड कमी होता आणि असा कॅमेरा कमी उजेडात मंद चालतो. बाणाईचे ओठ एकदा मिटलेले दिसायचे, मग एकदम उघडलेले, मधलं काहीच नाही. मी दिवा लावला. चित्राचा आकार कमी करून पाहिला. हेमांगीनं सांगितलेली आणखी एक ओळ टाकायला गेलो तर चित्रच गेलं. कार्यक्रम बंद करून पुन्हा त्या लांबलचक ओळीतून सुरू करावा लागला.  भिंतीवरच्या घड्याळात चार तेरा झाले.

पुन्हा म्हाळसा आली. पुन्हा तेच. “मोठ्यानं,” मी बाणाईला म्हणालो, आणि तोंड मोठं उघडून दाखवलं. ती बिचारी कपाळावर शिरा येईपर्यंत ओरडली. पलीकडे म्हाळसानं दोन्ही तळवे वर करून मान हलवली. तिचे डोळे भरलेले दिसले. बाणाईनं ते पाहिलं. ती खाली बघायला लागली आणि तिच्या घडी घातलेल्या हातांची बोटं दंडांत रुतली. त्या वेळी माझ्या मनात आलं, की उद्या हिचा बाप येईल आणि मी त्याला सांगेन, घेऊन जा. मला आता नाही जमत.

तेवढ्यात हौसामावशी दारात आल्या. हात पिठाचे, पदर खोचलेला. त्या आधी पडद्याकडे बघत राहिल्या, मग कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीकडे, जिथं बाणाईचा नुसता चेहरा दिसत होता.

“सर,” त्या म्हणाल्या, “पोरीचं हात कुठायत?”

मला प्रश्न कळला नाही.

“हात वो. ती थोरली मघापासनं तेच इचारतीया. तुझं हात कुठायत, म्हन्ती.”

पडद्यावर म्हाळसानं दोन्ही हात छातीशी आवळून घडी घातली, मग एक बोट बाजूला, चौकटीबाहेर रोखलं आणि भुवया उंचावल्या. मुलींसोबत राहून मावशींना त्यांच्या खुणा कळायच्या, हे मला तेव्हा समजलं; मी विचारलं, हे काय म्हणाली?

मावशी जरा घुटमळल्या. पीठ लागलेला हात पदराला पुसला.

“तुमचं नाव घेतलं तिनं. पोरं तुमाला हेच म्हनत्यात. हाताची घडी. प्रत्येकाला नाव असतंय त्यांच्यात. मला भाकरी थापून दाखवत्यात, मोठ्या बाईंना चष्मा. तुमाला ही घडी.” त्या थांबल्या. “ती म्हन्ली, सर तिथं बसल्यात व्हय? म्हनून गप हाईस व्हय?”

मी बाणाईकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती. पडद्यावरच्या बहिणीकडे नाही, माझ्याकडे. दिवाळीपासून पहिल्यांदा ती माझ्या तोंडाकडे नीट बघत होती, मी काय सांगतो ते वाचायला. आणि मला तिच्या भाषेतला एकही शब्द येत नव्हता. एकोणतीस वर्षांत सहाशे-सातशे मुलं माझ्या हाताखालून गेली. ती संध्याकाळी नळापाशी एकमेकांना काय सांगायची, हे विचारायला मी कधी गेलो नव्हतो.

तोंडानं सांगण्यासारखं काही नव्हतं. मी तिच्यापुढे वाकलो, तिचे घडी घातलेले दोन्ही हात धरले आणि उघडले. आधी उजवा, मग डावा. तिनं ते मला उघडू दिले, पण जिथं सोडले तिथंच हवेत धरून ठेवले, जणू ते कुठं ठेवायचे हे तिला कळत नव्हतं. मग मी मागे सरलो. चार एकोणीस झाले होते.

बाणाई उठली. तिनं आधी स्टूल पायानं ढकललं. मग दोन्ही हातांनी पडदा धरून तो दाराकडे वळवला. नाडीच्या दोन गाठी तिनं दातांनी सोडवल्या, कॅमेरा मोकळा केला आणि उलटा धरून माझ्या हातात दिला. मी एका हातात घेतला तर तिनं माझा दुसरा हात ओढून त्याखाली लावला, हलू नये म्हणून. मग माझ्या पोटाला तळवा लावून तिनं मला दाराच्या चौकटीपाशी हवं तसं उभं केलं, माझी कोपरं वर उचलली, आणि स्वतः व्हरांड्यात गेली. एक पाऊल, दोन, तीन, चार. तिथं चारचं ऊन होतं. पडद्यावरच्या छोट्या चौकटीत ती आली, पायांपासून डोक्यापर्यंत, उजेडात, आणि चित्र अडखळायचं थांबलं.

मग तिचे हात सुटले.

अडीच महिन्यांचं साठलेलं होतं ते. मावशी माझ्या कानाशी सांगत होत्या, पण त्यांनाही सगळं गाठता येत नव्हतं. शाळेच्या शेळीला दोन करडं झाली, त्यातलं एक लंगडं. आई आली नाही, बाप आला. कानाचा पट्टा ढिला झाला. टॉनिक कडू आहे. मधेच पलीकडून म्हाळसानं काहीतरी विचारलं, बोटांनी तोंडाकडे घास नेत.

“जेवती का, म्हन्ती,” मावशी म्हणाल्या.

बाणाईनं उत्तर दिलं. सावकाश, एकेक खूण वेगळी करत.  मी विचारलं, काय म्हणाली? मावशींनी डोळ्यांना पदर लावला तेव्हा पीठ गालाला लागलं.

“म्हन्ली, मी माझी अर्धी खाते. तुझी अर्धी रोज ताटात ठेवते. तू येत न्हाईस. मावशी ती उचलून टाकत्यात.”

 पलीकडे म्हाळसाचे हात मांडीवर होते. मग तिनं ते उचलले आणि काहीतरी सांगितलं, थोडंसंच, आणि शेवटी बोटानं जमिनीकडे दाखवलं. आण. इथं आण.

बाणाई पळाली. व्हरांड्याच्या टोकाला, स्वयंपाकघरात. मी हलू शकत नव्हतो. माझ्या दोन्ही हातांत कॅमेरा होता, दंड भरून आले होते, आणि मला ते खाली करायचे नव्हते. नाशिकच्या बाई मागून येऊन घड्याळाकडे बघून गेल्या, पण थांबवलं नाही. व्हरांड्याच्या कठड्याला मुलं जमली होती, पंधरा-वीस. त्यांतल्या कुणाच्याही हाताची घडी नव्हती.

ती आली तेव्हा तिच्या हातात ताट होतं. ताटात पिठलं आणि एक गरम भाकरी. ती उन्हात फरशीवर मांडी घालून बसली, कॅमेऱ्याकडे तोंड करून, ताट पुढ्यात. भाकरीचे दोन तुकडे केले. एक स्वतःकडे ठेवला आणि दुसरा ताटाच्या पलीकडच्या कडेला सरकवला, माझ्या बाजूला, बहिणीच्या बाजूला. पडद्यावर म्हाळसानं हात पुढे करून रिकाम्या हवेतून घास उचलला, चावला, मान हलवून छान झालंय म्हणाली, आणि मग बोटानं तो तुकडा बाणाईकडे परत ढकलला.

बाणाईनं आपली अर्धी उजव्या हातानं खाल्ली. डावा हात सगळा वेळ बोलत होता. मग तिनं पलीकडची अर्धी ओढून घेतली आणि तीही खायला लागली.